मन्सारामभाऊंचा तुंबा आणि माझा कप

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या टेबलामागच्या सरकारी कपाटात फायली कमी आणि दारू प्यायची भांडी जास्त होती. आता पेन्शनीत निघाल्यामुळे हे बिनधास्त लिहिते आहे. घरच्यांना अजूनही नीट माहीत नाही. मी बौद्ध घरातली. दारूचं नुसतं नाव निघालं तरी आमचे बाबा चप्पल शोधायला लागायचे. त्यांच्या लेकीच्या कपाटात अकरा पेले, एक लोटा आणि एक तुंबा निघाला असता तर त्यांनी ती चप्पल कोणाला मारली असती, याचा विचार मी करत नाही.

मी समुपदेशक होते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून आमची खोली होती. कोणता दवाखाना ते विचारू नका. एचआयव्ही असलेली माणसं तिथे दर महिन्याला गोळ्या न्यायला येत. काहींना सोबत ‘ब’ प्रकारची कावीळही असे. हे दोन्ही विषाणू एकदा अंगात मुरले की सहसा निघत नाहीत, पण रोजची गोळी न चुकता घेतली तर कोपऱ्यात गप्प बसून राहतात. माणूस धानाची रोवणी करतो, लेकरांची लग्नं लावतो, नातवंडांवर ओरडतो. गोळी खरंच घेतली जाते का, हे पाहणं माझं काम. त्यासाठी दर महिन्याला त्याची डबी टेबलावर ओतायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. माझ्या सासूबाई एकदा येऊन पाहून गेल्या आणि घरी सांगितलं की सून दवाखान्यात बसून चिंचोके खेळते.

दुसरं काम प्रश्न विचारायचं. मन कसं आहे, झोप लागते का, नशा करता का. हे प्रश्न छापून वरून येत. ज्यांनी ते लिहिले ती माणसं हुशार असणार, पण ती आमच्याकडे कधी आली नसावीत. ‘मागच्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?’ असं मी एका आजीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “दोन आठवड्याचंच कायले विचारता बाई? माह्या लग्नाले चाळीस वर्षं झाली.” त्यांच्यापुढच्या चौकोनात काय लिहावं ते मला आजही कळलेलं नाही. नशेच्या प्रश्नाला तर सगळे ठामपणे नाही म्हणत, आणि ते म्हणताना खर्रा पडू नये म्हणून मान वर करत. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला आमच्याकडचा प्राणवायू. तो नशेत धरत नाहीत. सडक अर्जुनीच्या धाब्यावर ट्रक लावून येणारा एक ड्रायव्हर होता, त्याला मी किती पितोस विचारलं. तो दुखावला. “मॅडम, पीता नहीं हूँ. गाड़ी खड़ी करके थकान उतारता हूँ.” थकवा किती बाटल्यांनी उतरतो, असं विचारल्यावर मात्र त्याने लगेच सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्यांना थकव्याचंच विचारू लागले.

आता मन्सारामभाऊ. हे केशोरीच्या पुढच्या एका जंगलालगतच्या गावचे. गोंड घरातले, थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मोहाच्या दिवसांत मोहफुलं वेचणं. एचआयव्ही आणि कावीळ दोन्ही. उंच, किडकिडीत, आणि इतके सभ्य की खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीला विचारतील असं वाटे. गोळ्या एकही चुकत नसत. दर महिन्याला मी विचारायची, भाऊ, मोहाची किती घेता? आणि ते दर महिन्याला सांगायचे, “एकच घेतो जी. संध्याकाळी.”

मी लिहायची, एक. आमच्या कागदावर एक म्हणजे एक छोटा पेला. रोजचा एक पेला असला तर कागद म्हणतो, समजावून सांगा. मी समजावायची, ते मान डोलवायचे, मी सही करायची. असं वर्षभर चाललं आणि वर्षभर त्यांच्या यकृताचे आकडे चढत गेले. आमचे डॉक्टर चक्रावले. त्यांनी औषधं तपासली, पाणी तपासलं, मन्सारामभाऊंना जंगलातला कुठला पाला खाता का तेही विचारून झालं. शेवटी मला म्हणाले, असंच चाललं तर पुढची दिवाळी हा माणूस पाहणार नाही. मला राग आला. माझ्या कागदावर सगळं ठीक होतं आणि माणूस कागदाप्रमाणे वागायला तयार नव्हता.

एका खेपेला त्यांच्या पत्नी, सुगंधाबाई, सोबत आल्या. मी त्यांनाही विचारलं, हे किती घेतात? त्याही म्हणाल्या, एकच. खोटं बोलणाऱ्या बाईचा चेहरा मला कळतो, हा तसा नव्हता. म्हणून सहज म्हटलं, कशात घेतात? त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक तुंबा काढून टेबलावर ठेवला. वाटेत पेज प्यायला आणला होता म्हणे, घासून घेतला की चालतो.

तुंबा म्हणजे वाळवून पोखरलेला दुधी भोपळा. जंगलाकडची माणसं त्यात पाणी नेतात, पेज नेतात. पण असा तुंबा मी पाहिला नव्हता. पोट फुगलेलं, मान बारीक, वर तापल्या सळईने काढलेला मोर, मोराच्या पायाशी चार फुलं. मी लीलाबाईंना हाक मारली. लीलाबाई आमच्या खोलीच्या सफाईवाल्या, चहावाल्या आणि खरं तर साहेब. त्यांनी सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीने पाणी मोजून ओतलं. एक बाटली संपली. दुसरी निम्मी संपली तेव्हा कुठे पाणी मोराच्या तुऱ्यापर्यंत आलं.

“एकच,” मन्सारामभाऊ म्हणाले. त्यांचं खरं होतं. वर्षभर मीच गाढव होते.

एवढा मोठा कशाला, असं विचारलं तेव्हा गोष्ट कळली. त्यांच्या गावात संध्याकाळी चार-सहा जण मोहाच्या झाडाखाली बसत. एकच लोटा, पानाचा एकच द्रोण, हातोहात फिरायचा. पहिले दोन थेंब जमिनीवर, पुरख्यांना, म्हणजे गेलेल्या पूर्वजांना. मग एकदा मन्सारामभाऊंच्या साळ्याने घरात गोळ्यांची डबी पाहिली आणि गावाला आजार कळला. आता याला द्रोण कसा द्यायचा? आणि बसू नको असं तरी कसं म्हणायचं? लहानपणापासूनचे सोबती. शेवटी सगळ्यांनी मिळून तोड काढली. याचं भांडं वेगळं. पण वेगळं दिलं तर मनाला लागेल, म्हणून सगळ्यांत मोठं द्यायचं. साळ्याने आठ दिवस बसून त्यावर मोर काढला. “मान म्हणून दिला जी,” मन्सारामभाऊ म्हणाले, “आता एवढ्या मानानं दिला तं अर्धा कसा भरावा.”

म्हणजे गावाच्या भिडेपोटी या माणसाचं यकृत चाललं होतं. हे कुठल्याच छापील कागदात बसत नव्हतं.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. किती पिता हे विचारणं बंद. ज्यात पिता ते भांडं घेऊन या. लोकांनी आणली. स्टीलचे पेले, देवघरातला लोटा, थर्मासचं झाकण, लेकराचा दूध प्यायचा कप. एका माणसाने क्रिकेटच्या सामन्यात मिळालेला चषक आणला, त्यावर ‘उत्कृष्ट क्षेत्ररक्षक’ असं कोरलेलं होतं. आम्ही पाणी ओतून मोजायचो आणि खरा आकडा लिहायचो. मग मी म्हणायची, भांडं इथेच ठेवून जा. महिनाभर माझ्याकडे जमा. पुढच्या वेळी आलात की पाहू. आपलं ठरलेलं भांडं हातात नसलं की पिणाऱ्याचा हात जरा अडखळतो, हे मला अनुभवाने कळलं. सगळ्यांचा अडखळला असं नाही. उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाने बाहेर पडल्या पडल्या नवीन पेला विकत घेतला.

नेमकी तेव्हाच वरून तपासणी आली. साहेबांनी गोळ्यांचा साठा पाहिला, रजिस्टरं पाहिली आणि कपाट उघडलं. आमच्या खोलीत असा वास पसरला की सायकल स्टँडवाला आत डोकावून गेला. साहेबांनी एकेक भांडं हुंगून पाहिलं. मग त्यांनी चषक उचलून वाचला. मी सगळं समजावून सांगितलं, तुंब्यात पाणी ओतूनही दाखवलं. शेवटी मी सवयीने विचारून गेले, साहेब, यातलं तुमचं कोणतं? साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग एका मध्यम स्टीलच्या पेल्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, शनिवारी फक्त. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘साहित्य नीटनेटके ठेवलेले आढळले.’

मन्सारामभाऊंनी तर तुंबा पहिल्याच दिवशी जमा केला होता. एकदम सोडली तर अंगाला कंप सुटतो, फेफरंही येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यासाठी वेगळं औषध दिलं आणि सुगंधाबाईंना कोणत्या खुणा दिसल्या की ताबडतोब घेऊन यायचं ते समजावलं. आठवडा पार पडला. मग आकडे उतरायला लागले. तीन महिन्यांनी आणखी उतरले. डॉक्टरांनी मला चहा पाजला. जिल्ह्याच्या बैठकीत मी तुंब्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. तीन दिवस मी घरी कोणाशी नीट बोललेसुद्धा नाही, एवढी मोठी झाले होते.

पण मनाच्या प्रश्नांचा कागद उलटा चालला होता. झोप नाही. भूक नाही. कशात जीव लागत नाही. दारू पीत होते तेव्हा हेच उत्तर ‘बरं हाय जी’ असं असायचं. मी पेन ठेवलं आणि विचारलं, भाऊ, झालं काय?

“दारू सुटली म्याडम,” ते म्हणाले. “पर मानसं बी सुटली.”

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. तुंबा नाही म्हणून ते संध्याकाळी झाडाखाली जात नव्हते. रिकाम्या हाताने बसलं तर बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं. द्रोण त्यांच्यापाशी आला की देणारा थांबतो, बाजूने हात वळवून पुढच्याला देतो आणि सगळे जमिनीकडे पाहतात. ते पाहण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. घरी बसलं की डोकं चालतं. एकदा विहिरीच्या काठी बराच वेळ बसलो, असंही ते म्हणाले. सुगंधाबाई येऊन हाताला धरून घेऊन गेल्या. ते सांगताना सुगंधाबाई पदराचं टोक पिळत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं यश कशावर उभं होतं? हा आजार उष्ट्या भांड्याने होतो, या खोट्या समजुतीवर. गावाने त्यांना आपलं भांडं दिलं नाही म्हणूनच ते पीत नव्हते. ती समजूत खोडायला मला सरकार पगार देत होतं. आता खोडली तर द्रोण परत त्यांच्या हातात येणार आणि आकडे चढणार. नाही खोडली तर आकडे छान राहणार आणि माणूस विहिरीच्या काठी बसणार. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी त्याच दिवशी मानसिक आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, औषध सुरू झालं, ते बरंच झालं. पण त्या औषधाच्या चिठ्ठीवर सोबती लिहिता येत नाहीत.

मी मन्सारामभाऊंनाच विचारलं. गावात येऊन बोलू का? तुमचं नाव घ्यायला मला बंदी आहे, म्हणून आधी विचारते. ते पहिल्यांदा हसले. “गावाले मोर दिसते म्याडम. नाव कायले पाह्यजे.” तरी मी त्यांची सही घेतली. त्यांनी फक्त एक मागितलं, तुंबा परत द्या. मी नको म्हणत होते. सुगंधाबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, त्यात काय भरायचं ते मी पाहीन.

महिन्याभराने एका दुपारी मी त्या गावात गेले. मोहाच्या झाडाखाली लोक जमले. मी आयुष्यभर तोंडपाठ केलेलं बोलले. सोबत जेवल्याने होत नाही, हात लावल्याने होत नाही, एका पेल्यात प्यायल्याने एचआयव्ही होत नाही आणि ती कावीळही होत नाही. सगळे माना डोलवत होते. सरकारी बाईपुढे माना डोलवायच्याच असतात, नंतर ती बसने जाते. मला ते ओळखू येत होतं. म्हणून मी सुगंधाबाईंना सांगितलं, तुंबा आणा. त्यात पेज होती. मन्सारामभाऊंनी आधी एक घोट घेतला, मग मी त्यांच्या हातातून तुंबा घेतला आणि सगळ्यांसमोर घटाघट प्यायले. त्या पेजेला मोहाचा असा वास होता की बाबांची चप्पल मला स्पष्ट दिसली. तरी मी तुंबा रिकामा केला आणि तोंड पुसलं.

माना डोलवायच्या थांबल्या. मग साळा उठला, त्याने सुगंधाबाईंच्या मडक्यातली उरलीसुरली पेज तुंब्यात ओतून घेतली, दोन थेंब जमिनीवर टाकले आणि प्यायला. एका म्हाताऱ्याने विचारलं, पुरख्यांना पेज कशी चालेल? सुगंधाबाई म्हणाल्या, “एवढी वर्षं तुमची दारू चालली ना, आता पोटाले काई खाऊ द्या त्याइले.” लोक हसले. मग दारूचा द्रोण आला, फिरला, मन्सारामभाऊंपाशी थांबला नाही. त्यांच्या हातात गेला, त्यांनी तो न पिता पुढच्याला दिला. पण हातातून गेला. त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही. मी मनातल्या मनात जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीतलं भाषण सुरू केलं होतं.

तेवढ्यात मन्सारामभाऊ म्हणाले, “म्याडम, एक विचारू का? राग नका मानजा.”

मी म्हटलं, विचारा की.

“दवाखान्यात तुमच्या कपाले लाल ठिपका काऊन हाय?”

आमच्या खोलीत चहाचे आठ पांढरे कप होते. आलेल्या माणसांनाही त्यातच चहा मिळे, मीच तसा नियम केला होता, भेदभाव नको म्हणून. आणि त्यातल्या एका कपाच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो माझा. रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात लावलेला. तेव्हा मीही नवी होते, घाबरले होते. नंतर भीती गेली, निदान गेली असं मला वाटायचं, पण ठिपका राहिला. लीलाबाई रोज तोच कप माझ्यापुढे ठेवत. मी कधी ठेवू नका म्हटलं नाही. मन्सारामभाऊ इतके महिने समोर बसून, मी कप तोंडाला लावला की तो पाहत होते आणि मला कधी बोलले नव्हते, कारण ते खुर्चीलाही दुखावत नाहीत.

मी म्हटलं, दवाखान्यात कप चोरीला जातात हो. साफ खोटं. सगळ्यांनी समजुतीने माना डोलवल्या. मी बसने परत आले.

दुसऱ्या दिवशी मी ठिपका खरवडायला बसले. रिमूव्हर लावलं, ब्लेड लावलं. इतक्या वर्षांचा रंग, निघाला तरी त्याच्या जागी गुलाबी डाग राहिला, तो तर आणखी उठून दिसायला लागला. मग मी घरून नेलपॉलिशची बाटली आणली आणि उरलेल्या सातही कपांना ठिपके लावले. आठव्यावरही नवा लावला. लीलाबाईंनी विचारलं, बाई, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं नव्हतं, आता होईल.

पुढच्या महिन्यात मन्सारामभाऊ आले. डबी ओतली, मोजली, बरोबर होती. आकडे खालीच होते. ते संध्याकाळी झाडाखाली बसत होते, तुंब्यात पेज घेऊन. मोहाच्या दिवसांत दोनदा पाय घसरला, तेही त्यांनी न विचारता सांगितलं, आणि या वेळी किती ते भांड्यासकट. झोप लागत होती. लीलाबाईंनी चहाचा ट्रे आणला. मन्सारामभाऊंनी एक कप उचलून बूड पाहिलं. दुसरा पाहिला. मग तिसरा.

“आता तुमचा कोनता?” त्यांनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

त्यांनी त्यातला एक घेतला, लीलाबाईंनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दोन थेंब टाकले, त्याबद्दल लीलाबाईंचं ऐकून घेतलं आणि एक घोट प्यायले. त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी तोच कप माझ्यापुढे केला, घरच्या माणसापुढे करतात तसा.

“साखर कमी वाटते. पाहा बरं.”

तिथे गाव नव्हतं, टाळ्या नव्हत्या, बैठक नव्हती. मी कप घेतला आणि प्यायले. साखर खरंच कमी होती.